मंडईच्या दिवशीचं सुतक

माझ्या धाकट्या बहिणीचं घर रस्त्यावर आहे आणि माझं शेवटच्या गल्लीत, नाल्याला लागून. एवढीच काय ती गोष्ट. पण या एवढ्याशा गोष्टीनं माझं किती रक्त आटवलं ते मलाच माहीत.

आम्ही दोघी बहिणी एकाच गावात दिलेल्या. घराणी वेगळी, आडनावं वेगळी, भावकी वेगळी. गाव मात्र एक. जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं आणि आम्ही सगळे उचलून या नव्या गावठाणात आलो. जुन्या गावात माझं घर पहिलं होतं. बसमधून उतरला माणूस की माझ्याच अंगणात पाय. तिचं घर मागं, पार देवळाच्या पल्याड. नव्या गावात प्लॉट वाटले ते चिठ्ठ्या टाकून. माझ्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं चिठ्ठी उचलली आणि शेवटच्या गल्लीतला कोपरा घेऊन आला. तिच्या नवऱ्यानं उचलली तर डांबरी रस्त्यावरचा प्लॉट निघाला, बसथांब्याच्या समोर. त्यात कोणाची लबाडी नव्हती हे मला कळतं. कळून काय करू? आमच्या ह्यांच्या त्या हाताकडे पाहून त्या दिवशी अंगाचा जो तिळपापड झाला, तो अजून पुरता शांत झालेला नाही. कधीकधी वाढताना मी त्या हातावर मुद्दाम वरण सांडते.

बाहेरच्या माणसाला वाटेल, गल्लीत घर असलं म्हणून काय बिघडलं, चार पावलं जास्त चालायची. तर त्यासाठी आमच्याकडची मंडई सांगावी लागेल. दिवाळी झाली की आमच्या भंडाऱ्याकडे एकेका गावात मंडई भरते. दिवसा दुकानं, पाळणे, दंडार म्हणजे नाचगाण्याचा खेळ, रात्री नाटक, आणि गावातल्या झाडून साऱ्या घरी पाहुणे. कोणी बोलावलंच पाहिजे असं नाही. अमक्या दिवशी मंडई आहे एवढं कानावर गेलं की लेकी, जावई, साळे, व्याही, व्याह्यांचे व्याही, सगळे उतरतात. किती येतील हे त्यांनाही माहीत नसतं, आम्हालाही नसतं. आणि आमच्या गावात एक कायदा आहे, कुठं लिहिलेला नाही पण मोडत कोणी नाही. पाहुण्यानं ज्या दारात पहिल्यांदा पाय धुतले, तो त्या घरचा जेवणारा. बाकीच्यांनी चहा पाजायचा, चिवड्याची बशी पुढं करायची आणि गप्प बसायचं.

आता आमचा भाऊ. एकुलता एक, आम्हा दोघींपेक्षा लहान, कोंढ्याला असतो. आई-बाबा गेल्यावर माहेर म्हणजे तोच. त्याला मी कडेवर वागवलं. शेतात आई कापणीला वाकलेली आणि मी बांधावर त्याला घेऊन उभी, ऊन कलेपर्यंत. धाकटीनं त्याला एकदा तरी उचललं असेल तर देवाशपथ सांगावं; ती तेव्हा स्वतःच शेंबूड पुसायला माझ्या मागे यायची. आणि नव्या गावात आल्यापासून काय व्हायचं? दर मंडईला हा मोटरसायकलवरून यायचा, रस्त्यावरच तिचं घर, ती पाण्यानं भरलेली पितळी गुंडी घेऊन दारात उभीच असणार. पाय धुतले की संपला विषय. माझ्याकडे यायचा दुपार टळल्यावर, पोट तट्ट, ढेकर देत. "बाई, चहाच मांड, जेवन झालं ताईकडं." मला तो बाई म्हणतो, तिला ताई. आणि मी केलेलं सगळं गंजात, म्हणजे पातेल्यात, तसंच पडलेलं. संध्याकाळी तेच आम्ही नवरा-बायको समोरासमोर बसून खायचो.

मी जळायचे. साधा सरळ शब्द आहे, लिहायला लाज कशाची. तिच्या घराला लोखंडी गेट लागलं, मी जळले. तिच्या ओसरीत चकाकती फरशी बसली, मी जळले. पण ते सगळं गिळता येत होतं. भाऊ तिच्या ताटावर बसतो हे गिळता येत नव्हतं. माहेरचं एकच माणूस, तेही हिनं न्यावं!

मागच्या मंडईला मी ठरवलं, या वर्षी तो माझ्याच घरी जेवेल. मग जग इकडचं तिकडं होवो.

चार दिवस आधीपासून मी कंबर कसली. ओसरी धुतली, भिंतींना हात पोचेल तिथवर चुना मारला, शेजारणीकडून सहा खुर्च्या सांगून ठेवल्या, मोठा गंज माळ्यावरून काढून राखेनं घासला. आणि पवनीच्या बाजारातून नवं मडकं आणलं, लांबरोट्यांसाठी. ज्यांनी लांबरोटी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. गव्हाची कणीक पाणी लावत लावत, परातीत आपटत आपटत इतकी सैल करायची की दोन्ही हातांवर ओल्या फडक्यासारखी लोंबली पाहिजे. मग चुलीवर मडकं उपडं ठेवायचं, खाली लाकडाचा जाळ, आणि हातावर वाढवत नेलेली ती रोटी अलगद त्या तापल्या मडक्यावर पसरायची. जरा हात अडला की फाटली. गावात चार-पाच जणींनाच जमते. त्यात मी एक. धाकटीला जमत नाही. ती वडे तळते. वडे काय, कोणीही तळतं.

मंडईच्या दिवशी पहाटेच ह्यांना मटणासाठी पिटाळलं. त्या दिवशी गावाबाहेरच्या चिंचेखाली पळसाच्या पानांवर मटणाचे वाटे लागतात आणि उशिरा जाणाऱ्याच्या नशिबी नुसती हाडं. ह्यांना शंभरदा बजावलं, "मांडीचं पाहून घ्या, नाही तं आनाल नुसती नळी." गेले आपले हो-हो करत.

मी सडा टाकला, पाणी भरलं, सांबार निवडायला बसले. सांबार म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे तिला तेच म्हणतात. कणीक भिजवून ठेवलेली होती. म्हटलं, जरा फोन पाहावा, कोणी पाहुणा निघाल्याचं कळवतो का. तर पहिलंच काय दिसलं? धाकटीच्या पोरीनं सकाळी सकाळी स्टेटस टाकलेलं. परातभर वड्यांचं पीठ, बाजूला वाटीत सुके झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी, आणि खाली लिहिलेलं: आज मामा येणार.

झिंगे! भावाला लहानपणापासून झिंगे आवडतात. जुन्या गावात असताना त्याच्यासाठी मी स्वतः नदीकाठच्या मासे धरणाऱ्या ढिवरांकडून आणत असे. ही काल-परवा शिकली आणि फोटो टाकते. हातातली सांबाराची जुडी मी देठापासून पिळून टाकली. आणि तशाच ओल्या हातानं भावाला फोन लावला.

"कुठं आहेस गा?"

"निघूनच राहिलो, बाई. वहिनी तयार होऊन राहिली." वहिनी म्हणजे त्याची बायको, आमच्याहून लहान असली तरी आम्ही तिला वहिनी म्हणतो म्हणून तोही आमच्यासमोर तसंच म्हणतो.

"सरळ माह्याकडं येजो."

"येतो न. ताईच्या घरी जरासाक थांबतो अन् येतो."

"ताईकडं नोको जाऊ," मी म्हटलं. आणि पुढचं वाक्य मी ठरवलेलं नव्हतं, आईशपथ. ते आपलंआपण तोंडातून निघालं. "तिच्याकडं सुतक आहे."

"सुतक? कोन गेलं?"

"त्याहिच्या भावकीतलं कोनी तरी. म्हातारं मानूस होतं. ठेवते मी, कुकरची शिट्टी होऊन राहिली."

कुकर फडताळात होता. मी फोन बंद केला आणि दोन मिनिटं तशीच बसले. आधी भीती वाटली. मग हळूहळू मला माझंच कौतुक वाटायला लागलं. काय डोकं चाललं! सुतकाच्या घरी चुलीवर मटण चढत नाही, पाहुणा पाय धूत नाही, जेवत तर नाहीच. भावकी तिची वेगळी, त्यामुळे ते सुतक मला लागत नाही. कोणी मेलेलंही नाही, म्हणजे पापही नाही. बरं, संध्याकाळपर्यंत कोणाला कळलंच, तर तोवर त्यानं माझ्या घरी जेवून हात धुतलेले असतील. पक्कं काम झालं होतं. मी गुणगुणत चूल पेटवली, मडकं उपडं घातलं.

हे आले मटणाची थैली घेऊन. मांडीचंच आणलं होतं, पहिल्यांदाच. मी इतकी खुशीत की त्यांनी न मागता चहा दिला. ते संशयानं कपाकडे पाहायला लागले.

"काय झालं?"

"काही नाही. या वर्षी भाऊ आपल्याकडं जेवते."

"कायच्यावरून?"

मी सांगितलं. थोडं फुगवूनच सांगितलं. ह्यांचा कप तोंडापाशी गेला तिथंच थांबला.

"अव, तुले डोकं आहे का खोकं?" हे म्हणाले. "सख्ख्या बहिनीच्या घरी सुतक म्हटल्यावर तो पहिले तिकडंच जाईन न भेटाले! ते सोडून तुह्या इथं मटन खात बसन काय?"

माझ्या हातातला कणकेचा गोळा परातीत धपकन पडला.

मी, जी आजवर किती घरी अशी भेटायला गेली असेन! कोणाच्या घरी कोणी गेलं की आधी तिथं जायचं, घरचा स्वयंपाक असाच टाकून जायचं, दारातूनच रडत शिरायचं, हे मला कोणी शिकवायला हवं होतं का? माहेरच्यांनी तर डबा घेऊन जायचं, कारण सुतकाच्या घरी धड रांधलं जात नाही. हे सगळं मला पाठ होतं. पण जळत असलेल्या बाईला पाठ असलेलंही आठवत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

भावाला फोन लावला. वाजत राहिला. गाडीवर असणार. वहिनीला लावला, तिचा बंद. "जा, धावत जा, रस्त्यावरच अडवा त्याले," मी ह्यांना म्हटलं. ह्यांनी सायकल काढली. तिची साखळी पडलेली. तसेच पायी निघाले, चप्पल फटफटवत. मला जाता येत नव्हतं. खाली जाळ धडाडलेला, मडकं तापून लाल, आणि कणीक अशी झालेली की आता थांबवली तर पाणी सोडून देईल. मी रोट्या घालायला लागले. पहिली फाटली. दुसरी फाटली. माझ्या हातून लांबरोटी फाटल्याचं मला आठवत नव्हतं.

अर्ध्या तासानं हे परत आले. एकटेच. ओट्यावर बसले, गमछ्यानं तोंड पुसलं.

"काय झालं? बोला न!"

"मी पोचलो तं गाडी तिच्या दारात लागलेली. वहिनी हातात डबा घेऊन उतरली अन् गेटातूनच हेल काढला तिनं. 'कसं झालं व ताई, आमाले कायले नाही कळवलं व ताई.' आत तुह्या लहानीची सासू मसाला वाटून राहिली होती. ती म्हातारी उठली अन् वहिनीच्या गळ्यात पडून तीही रडाले लागली."

"तिनं काहून रडावं?"

"तिले वाटलं, तुमच्या माहेरचंच कोनी गेलं."

हे हसायला लागले. आधी गालात, मग मांडीवर थाप मारून. मी हातातलं फडकं त्यांच्याकडे भिरकावलं.

"अन् लहानी?"

"ती झारा घेऊन दारात उभी. कढईत वडे तळून राहिले, वास पार थांब्यापर्यंत. एकदा वहिनीकडं पाहे, एकदा सासूकडं. मी काही पुढं नाही गेलो. मी काय सांगनार होतो?"

मला धरणी दुभंगून पोटात घ्यावं असं वाटलं, आणि त्याच क्षणी, खोटं कशाला सांगू, असंही वाटलं की म्हणजे या वर्षीही तो तिच्याच घरी पोचला. रडत पोचला, पण पोचला तिच्याच घरी. वर डबाही तिलाच. वहिनीनं निघता निघता घाईघाईत बेसन-भात केला असेल, तोही तिच्यासाठी. माझ्या घरी कधी साधी केळी घेऊन आली नाही ती. लाज आणि जळफळाट एकाच वेळी होतो की नाही, हे ज्याला अनुभव नाही त्यानं मला विचारावं.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. धाकटी. नवी जरीची साडी, कपाळाला घाम, हातात झारा तसाच. ह्यांनी तिला पाहिलं आणि हळूच पुढच्या दारानं सटकले.

ती माझ्या चुलीपाशी येऊन उभी राहिली.

"कोन मेलं व बाई माह्या घरी?" तिनं विचारलं.

मी मडक्यावरची रोटी सोडवायला लागले.

"नाव तं सांग. सासू रडून राहिली, वहिनी रडून राहिली, मले बी रडा लागन का नाही? कोनाच्या नावानं रडू?"

"मी भावकीतलं म्हटलं होतं," मी पुटपुटले. "नाव नाही घेतलं कोनाचं."

"उपकार झाले तुहे."

मला वाटलं, आता ही झारा हाणते. हाणला असता तर बरं झालं असतं. मीही सोडली नसती, दोघींनी मिळून गल्ली डोक्यावर घेतली असती आणि मोकळं झालं असतं. पण ती पाटावर बसली आणि चुलीतलं बाहेर आलेलं लाकूड आत सारलं.

"मी सांगितलं, लयच दूरचं होतं. तीन दिवसाचं. कालच फिटलं," ती म्हणाली. "वहिनीचे डोळे पुसले, सासूले उगी केलं. सासू इचारते, कोनाचं व फिटलं? म्हटलं, मागून सांगते तुमाले."

"मंग?"

"मंग काय? भाऊ म्हणे, देवाले हात जोडतो, घरचं मोठं कोनी नाही गेलं न, बस. मी म्हटलं, आता तू बाईकडं जा. तिनं लांबरोट्या केल्या तुह्यासाठी." ती उठली. "पाय नाही धुतले त्यानं माह्या दारी. आला तवा सुतकाचं घर म्हणून नाही धुतले. धाडते त्याले. तू पाहा, रोटी करपून राहिली."

आणि गेली. मला तिच्यावर इतका राग आला की काय सांगू! चूक माझी, पाप माझं, आणि मोठेपणा हिनं घेऊन जावा! धाकटी असून!

भाऊ आला. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून दोघं चालत आले. मी गुंडी घेऊन दारात उभी होते. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्याचे पाय माझ्या दारात कोरडे, धुळीनं भरलेले. मी पाणी घातलं. त्यानं एक पाय दुसऱ्यावर चोळत धुतला, लहानपणी धुवायचा तसाच, आणि मला डोळे पुसायला पदर लागला. त्याला काय वाटलं कोण जाणे. "धूर झाला का व बाई?" म्हणाला. मी हो म्हटलं.

वहिनी डबा घेऊनच आली होती. चार खणांचा, स्टीलचा. कुठं ठेवू, कुठं ठेवू असं करत ती स्वयंपाकघराच्या दारात घुटमळली. सुतकाच्या घरासाठी म्हणून केलेलं अन्न; ते मंडईच्या पंगतीत कोण वाढणार? फेकायचं तरी कसं? मी तो तिच्या हातातून घेतला आणि पिठाच्या डब्यामागे ठेवून दिला. मागून सगळे जेवले, तेव्हा मी उभ्यानंच त्यातला बेसन-भात खाल्ला. मटणाचा गंज समोर होता. पण दुसऱ्या कोणाच्या पोटात तो बेसन-भात घालायची माझी हिंमत नव्हती. बेसन चांगलं झालं होतं, तिखट जरा कमी.

धाकटी पुन्हा आली. तिच्याकडचे पाहुणे सासू आणि पोरगी पाहत होत्या म्हणे. पदर खोचला आणि वाढायला लागली, जणू घर तिचंच. मी मडक्यापाशी, ती पंगतीत. भाऊ, वहिनी, ह्यांचे दोन मामेभाऊ, एक कोण तरी साकोलीकडचा, ज्याला कोणी आणलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. रोटी आता एकही फाटत नव्हती. भावानं पाच खाल्ल्या. मी मोजल्या. सहावीला तो नको-नको म्हणत असताना मी त्याच्या ताटात टाकली.

आणि मी बोलत होते. बोलले नसते तर काय बिघडलं असतं? पण इतक्या वर्षांचं साठलेलं. "खा न गा, इथं कोनी फोटो नाही काढत तुह्या ताटाचा." "इथं साधी फरशी आहे बाप्पा, घसरनार नाहीस." "मटन कसं झालं? झिंगे नाहीत आमच्याकडं, आमाले परवडत नाहीत." "तिकडं गेट उघडाले मानूस लागते, इथं आपलं नुसतं ढकललं का झालं." प्रत्येक वाक्याला मी धाकटीकडे एक नजर टाकत होते. ती वाकून रस्सा वाढत राहिली. एकदाच तिचा हात थांबला, आणि तिनं ह्यांच्या मामेभावाला विचारलं, "भात वाढू का?" भाऊ खाली मान घालून खात होता. मला वाटलं, चवीनं खातोय.

जेवणं झाली. मंडईत दंडार सुरू झाली होती, ढोलकीचा आवाज गल्लीत येत होता. पुरुष मंडळी तिकडं निघाली. वहिनी आत बायांमध्ये बसली. भाऊ चपला घालायला ओट्यावर आला, तशी मीही मागे गेले. पानाचा विडा त्याच्या हातात दिला.

"झालं न पोटभर?"

"झालं."

"मंग पुढच्या वर्षी बी इथंच. आता गल्ली दूर आहे म्हणू नोको."

त्यानं विडा तोंडात न घालता हातातच फिरवला. मोठा झाला आता, कानाजवळ केस पांढरे. मी त्याला कधी नीट पाहिलंच नव्हतं, चहाच्या त्या अर्ध्या तासात.

"बाई," तो म्हणाला, "सुतक कोनाचं होतं, ते मी इचारत नाही."

मी पदरानं हात पुसत राहिले.

"गल्ली कधीच दूर नव्हती. ताई मले दरसाल म्हणते, पहिले बाईकडं जा, ती वाट पाहत असन. गुंडी पाय धुवाले नाही देत मले ती, आधी भांडते. मीच तिच्या दारात पाय धुवून घेतो जबरदस्तीनं."

"काहून?"

"तुह्याकडं जेवाले बसलं का घासाघासाले ताईचंच ऐका लागते. तिची फरशी, तिचा गेट, तिनं हे केलं, तिनं ते केलं. आजही पाहा, ती वाढून राहिली होती अन् तू…" त्यानं हात हवेत उडवला. "जुन्या गावात बी असंच होतं. मी काय दोघींच्या मधात जेवू? मले जेवल्यासारखं नाही वाटत, बाई. पोट भरते, पन जेवल्यासारखं नाही वाटत."

रागानं बोलला नाही. रागानं बोलला असता तर मी उत्तर दिलं असतं. उत्तरं माझ्याकडे कधी कमी पडत नाहीत. त्यानं विडा तोंडात घातला, माझ्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि गल्लीतून ढोलकीच्या दिशेनं निघून गेला. मी त्या कोपऱ्यातल्या घराच्या ओट्यावर उभी राहिले. म्हणजे चिठ्ठीचा दोष नव्हता. ह्यांच्या हाताचा दोष नव्हता. इतकी वर्षं मी त्या हातावर वरण सांडत होते ते उगाचच.

आत आले तर धाकटी भांड्यांपाशी बसलेली. जरीचा पदर मांडीखाली दाबून गंज घासत होती. मी तिच्या शेजारी बसले, एक ताट ओढून घेतलं. ती घासत होती, मी विसळत होते. नुसता राखेचा आणि भांड्यांचा आवाज.

मग तिनं विचारलं, "काय म्हणे व भाऊ? बराच वेळ बोलून राहिला होता."

सांगायचं होतं मला. ओठांपर्यंत आलं होतं. की तू मला दरसाल पाठवत होतीस त्याला, आणि मला माहीत नव्हतं. पण ते सांगितलं असतं तर त्यानं मला एकटीला दिलेलं तेवढं बोलणंही तिचंच झालं असतं.

"काही नाही," मी म्हटलं. "म्हणे, अशा रोट्या कुठंच नाही खाल्ल्या."

ती हसली. मनापासून हसली. "खरंच, गजब झाल्या होत्या व बाई," ती म्हणाली, आणि मला त्याचाही राग आला.